कोरड्या तोंडाचे उपाय, माईकसमोर तपासलेले

तोंडात मारायचा फवारा, बोटाने लावायचं जेल, साखर नसलेला च्युइंगगम, चघळायच्या गोळ्या, हिरडीला चिकटवायच्या चकत्या, खास माउथवॉश, आणि या सगळ्याच्या आधी दंतवैद्याकडे करून घेतलेली लाळमोजणी. एवढं सगळं वापरून झालं आहे आणि प्रत्येकाबद्दल माझं ठाम मत झालं आहे. कंपन्यांची नावं घेत नाही. एकाच प्रकारच्या दोन वस्तूंत फारसा फरक नसतो. खरा फरक प्रकाराप्रकारांत आहे, आणि त्याहून मोठा फरक वापरणाऱ्याच्या तोंडात.

माझी कसोटी जरा वेगळी आहे, म्हणून आधी ती सांगते. मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. बंद खोली, तोंडापासून वीतभरावर माईक आणि एका बैठकीत दीड-दोन तास वाचन. असा माईक शब्द पकडतो तसाच तोंडाचा आवाजही पकडतो. लाळ पातळ आणि पुरेशी असेल तर जीभ टाळूवरून नुसती सरकते. लाळ कमी आणि चिकट झाली की जीभ टाळूला धरून बसते आणि सुटताना बारीकसा 'चट्' आवाज होतो. एका वाक्यात अशा चटचटी चार-पाच ठिकाणी आल्या की संकलन करणारा मुलगा हेडफोन काढतो आणि काचेपलीकडून माझ्याकडे नुसता बघत राहतो. त्यामुळे डबीवर 'दीर्घकाळ ओलावा' असं छापलेलं असलं तरी मला त्यावर विश्वास ठेवायची किंवा न ठेवायची गरज पडत नाही. तोच उतारा वस्तू वापरायच्या आधी वाचायचा, नंतर वाचायचा, आणि दोन्ही ऐकायचे.

माझं तोंड कोरडं का पडतं यात काही गूढ नव्हतं. अर्धशिशी येऊ नये म्हणून रात्री अमिट्रिप्टिलीनची छोटी मात्रा, आणि नाक वाहायला लागलं की जुन्या पठडीतली, झोप आणणारी ॲलर्जीची गोळी. लाळग्रंथींना लाळ सोडायचा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन देतं, आणि ही दोन्ही औषधं तो निरोप ग्रंथीपर्यंत पोचू देत नाहीत. वारंवार लघवीला होण्यावर देतात ते ऑक्सिब्युटिनिनही याच कुळातलं. अफूवर्गातली वेदनाशामकं, मनोविकारांवरची काही औषधं, क्लोनिडीन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांच्या वाटा वेगळ्या, पण तोंड तीही कोरडं करतात. अशा दोन-तीन गोळ्या एकत्र चालू असल्या की कोरडही त्या हिशेबात वाढते. 'वय झालं, आता लाळ आटणारच' हे अर्धंच खरं आहे. वयाबरोबर एकूण लाळ थोडी घटते, पण घास चावताना पॅरोटिड ग्रंथी, म्हणजे गालगुंडात सुजते ती, निरोगी म्हातारपणातही जवळजवळ पहिल्यासारखीच चालते. वयाबरोबर वाढतात त्या गोळ्या.

आता मोजणीबद्दल. ही सेवा मी दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत घेतली आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता.

एके ठिकाणी मला गेल्या गेल्या अरुंद नळी हातात दिली, 'यात थुंकत राहा' सांगितलं आणि पाच मिनिटांनी नळीवरची रेघ वाचून आकडा लिहून घेतला. रेघेपर्यंत जे आलं होतं त्यात निम्मा फेस होता. मधेच सहायिका येऊन माझा फोन नंबर विचारून गेली. असा आकडा कागदावर लिहिण्याच्या लायकीचा नसतो.

दुसऱ्या ठिकाणी वेळ ठरवतानाच बजावलं होतं: येण्याआधी दीड तास काही खायचं-प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत, चघळायचं नाही, धूम्रपान नाही. गेल्यावर काही वेळ नुसतं शांत बसवलं. मग ताठ खुर्चीत, मान किंचित पुढे झुकवून, डोळे उघडे. डोळे उघडेच का, असं मी विचारलं. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर लाळ कमी सुटते, असं उत्तर मिळालं. उत्तर देणाऱ्या बाईंना आपलं काम येतं, हे मला तिथेच कळलं. एकदा आवंढा गिळून घड्याळ सुरू. त्यानंतर गिळायचं नाही, बोलायचं नाही, जीभ हलवायची नाही, चोखून काढायचं तर अजिबात नाही. तोंडात जे आपोआप साठेल ते दर मिनिटाला आधी वजन केलेल्या पेल्यात सोडायचं, पंधरा मिनिटं. मग पेला पुन्हा काट्यावर. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर धरतात. वजनात फेसाची लबाडी चालत नाही.

यातून जो आकडा येतो तो विश्रांतीच्या लाळेचा. पुढचा भाग सोपा: बेचव मेणाचा तुकडा पाच मिनिटं चावायचा आणि सुटणारी लाळ तशीच गोळा करायची. हा चावतानाच्या लाळेचा आकडा. काही ठिकाणी मेणाऐवजी जिभेवर ठरावीक वेळाने सौम्य सायट्रिक ॲसिडचा थेंब लावतात.

माझी विश्रांतीची लाळ पंधरा मिनिटांत २.४ ग्रॅम भरली, म्हणजे मिनिटाला ०.१६ मिली. निरोगी प्रौढ माणसांत ही सरासरी ०.३ ते ०.४ च्या आसपास असते आणि ०.१ किंवा त्याखाली गेली की लाळ खरोखर कमी आहे असं मानतात. मेण चावताना मात्र पाच मिनिटांत ६.५ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला १.३ मिली. इथे निरोगी माणसांचा पल्ला साधारण १ ते ३ मिली असतो आणि ०.५ ते ०.७ च्या खाली गेलं तर काळजीचं.

या दोन आकड्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही डबीवर लिहिलेलं नव्हतं. माझ्या ग्रंथी शाबूत आहेत. मागणी आली की पुरवठा होतो. मागणी नसताना जी संथ धार चालू राहायला हवी ती रोडावली आहे. हे दोन वेगळे कारभार आहेत. स्वस्थ बसलेलं असताना तोंडातल्या लाळेपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जबड्याखालच्या ग्रंथींकडून येते, थोडी जिभेखालच्यांकडून आणि ओठ-गाल-टाळूत विखुरलेल्या शेकडो बारीक ग्रंथींकडून. चावायला लागलं की निम्म्याहून जास्त वाटा पॅरोटिड उचलते. एका दिवसाची लाळ म्हणून दीड लिटरचा आकडा सगळीकडे फिरतो, तो मला तेव्हापासून जरा फुगवलेला वाटतो. हिशेब करून बघा: जागेपणाचे पंधरा तास मिनिटाला ०.३ मिलीने २७० मिली, खाण्याचा तासभर मिनिटाला चारेक मिलीने २४०, आणि झोपेत जवळजवळ शून्य. अर्धा लिटर झाला. कुणाची याच्या दुप्पट असेलही, पण सरसकट दीड लिटर नाही.

झोपेतलं ते शून्य मुद्दाम लक्षात ठेवा. पहाटे उठल्यावर तोंड चिकट लागणं हे एकट्याने कुठल्याच रोगाचं लक्षण नाही, ते सगळ्यांचंच होतं. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांचं जास्त.

मोजणीबद्दल तक्रारही आहे. चांगल्या दवाखान्यानेसुद्धा अहवालात शेवटी 'सामान्य मर्यादेत' एवढंच लिहिलं होतं, कारण माझा आकडा ०.१ च्या वर. माणूस कोरडं पडलंय म्हणून सांगतोय आणि कागद सामान्य म्हणतोय. या तिढ्याचं उत्तर जुनं आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले कॉलिन डॉझ यांनी १९८७ साली दाखवलं की माणसाला कोरडं वाटायला लागतं ते त्याची विश्रांतीची लाळ त्याच्याच नेहमीच्या पातळीच्या साधारण निम्म्यावर आली की. दुसऱ्या कुणाच्या सरासरीशी त्याचा संबंध नाही. ज्याची मूळची ०.६ आहे तो ०.३ वर आला तर बेजार होईल आणि अहवाल त्याला उत्तम म्हणेल. ज्याची जन्मापासून ०.१५ आहे त्याची काही तक्रारही नसेल. म्हणजे हा आकडा खरा कामाचा ठरतो तो आधीचा आकडा शेजारी असेल तर. रक्तदाब बघतात तसा, काही त्रास नसताना एकदा लाळेचा आकडाही नोंदवून ठेवायची पद्धत असायला हवी होती. दंतवैद्यांनी वर्षाच्या तपासणीत हे का धरू नये, मला कळत नाही. लागतो तो एक काटा आणि पाव तास.

आणखी एक: एवढी कमी लाळ पुरते कशी? आवंढा गिळल्यावर तोंडात साधारण ०.८ मिली लाळ उरते. ती सगळीकडे पसरून जो थर होतो तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ. सगळ्यात विरळ थर कडक टाळूवर, म्हणून कोरड पहिल्यांदा तिथे जाणवते. माझी चटचट नेमकी तिथलीच.

अहवाल घेऊन मी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. (गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. अमिट्रिप्टिलीनसारखं औषध एकदम सोडलं तर दुसरे त्रास सुरू होतात.) त्यांनी ॲलर्जीची गोळी नव्या पिढीतली दिली आणि दुसरीची मात्रा हळूहळू उतरवली. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा ०.२७. दुसरी मोजणी पहिलीच्याच वेळेला करून घ्या. लाळ दिवसभर सारखी नसते, दुपार कलताना सर्वांत जास्त असते. सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी जुळवलात तर औषधाने फरक पडला की घड्याळाने, ते सांगता येणार नाही.

लाळमोजणी, नीट केलेली: पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या 'सामान्य मर्यादेत'साठी कापला.

आता वस्तू.

च्युइंगगम. माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे चावल्यावर ज्यांची लाळ व्यवस्थित सुटते त्यांच्यासाठी, यापुढे बाकी सगळं दुय्यम आहे. यात बाहेरून काही आणून ओतायचं नसतं, स्वतःचीच लाळ निघते. आणि चावताना निघणारी लाळ नुसती जास्त नसते, तिच्यात बायकार्बोनेटही जास्त असतं, त्यामुळे तोंडातली आम्लता उतरते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत चवीमुळे पूर येतो, चव गेली की ओसरतो, पण चावणं चालू असेपर्यंत धार विश्रांतीच्या वर राहते. मी वाचनाआधी चावते आणि खोलीत शिरताना टाकून देते. पहिली काही पानं संकलनात हात लावावा लागत नाही. हा परिणाम टिकाऊ मात्र नाही. प्रकरणाच्या मध्यावर जुनं पुन्हा सुरू होतं आणि मग विश्रांती घेऊन परत चावावं लागतं. साखर असलेला घेऊ नका. कमी लाळेच्या तोंडात साखर रेंगाळते, जंतूंना तेवढंच हवं असतं. झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, घटकांच्या यादीत पहिलं असेल तर उत्तम, पण दिवसभर एकामागून एक चावाल तर पोट कुरकुरेल, ढाळही होतील. जबड्याचा सांधा दुखणाऱ्यांनी हा मार्ग सोडावा. आणि ज्यांच्या ग्रंथीच निकामी झाल्या आहेत, मानेवर-डोक्यावर किरणोपचार झालेत, त्यांनी कितीही चावलं तरी निघायला आत काही नसतं. त्यांना गम देणं म्हणजे थट्टा आहे. माझ्याकडून साडेचार.

फवारा. आत असतं काय, तर पाणी, ते दाट करायला कार्बोक्झिमेथिल सेल्युलोज किंवा झॅन्थन गम, थोडं ग्लिसरीन, काही क्षार. काहींत प्राण्यांपासून मिळवलेलं म्युसिनही असतं, म्हणजे लाळेला निसरडं करणारं प्रथिन. ज्यांना ते चालत नाही त्यांनी मागची यादी वाचावी. 'कृत्रिम लाळ' हे नाव भारदस्त आहे. खऱ्या लाळेत ९९ टक्के पाणीच असलं तरी उरलेल्या एका टक्क्यात जंतूंना आवरणारं लायसोझाइम, प्रतिपिंडं, दाताच्या पृष्ठभागाला चिकटून कॅल्शियम सांभाळणारी प्रथिनं अशी मोठी फौज असते. फवाऱ्यात ती नसते. असतो तो ओलावा, आणि तोही तापलेल्या अंगणात सडा टाकावा तसा, टाकल्या टाकल्या सुखद आणि बघता बघता वाळलेला. माझ्या माईकने एक-दीड पानाची हमी दिली, त्यापुढे नाही. तरीही एक गुण मोठा: कुठेही, कुणासमोरही, आवाज न करता वापरता येतो. ज्यांची लाळ जवळजवळ नाहीच, त्यांना बोलण्याआधी किंवा घास घेण्याआधी याच दोन फवाऱ्यांचा आधार असतो. त्यांच्यासाठी माझे गुण कमी पडतील. मला तीन.

फवाऱ्यांत एक तेलकट प्रकार येतो, ग्लिसरॉल ट्रायएस्टरचा. २०११ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने कोरड्या तोंडावरच्या बाहेरून लावायच्या उपायांच्या ३६ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा साध्या क्षारांच्या फवाऱ्यापेक्षा हा सरस ठरला. त्याच अहवालाचा मुख्य निष्कर्ष मात्र जाहिरातवाल्यांना आवडणारा नाही: यांपैकी कुठलाच उपाय कोरड घालवतो असा भक्कम पुरावा नाही. गम चावल्याने लाळ वाढते हे त्यांनीही मान्य केलं, पण कोरडेपणाची जाणीव घालवण्यात तो कृत्रिम लाळेपेक्षा चांगला की वाईट, ते ठरलं नाही. माझे गुण याच मर्यादेत वाचा. मला जाणिवेपेक्षा आवाज महत्त्वाचा, आणि आवाजात गम जिंकतो.

जेल. याला दोन वेगळे गुण द्यावे लागतील. माईकसमोर शून्य. जाड थर जिभेला आणि टाळूला असा चिकटतो की चटचट जाऊन पचपच येते. त्या दिवशी संकलन करणाऱ्याने हेडफोन काढायचेही कष्ट घेतले नाहीत, आतूनच दिवा विझवला. रात्री मात्र चार. झोपेत लाळ बंद, तोंड उघडं, पहाटे जीभ टाळूपासून सोडवून घ्यावी लागते. तिथे हा जाडपणाच कामाला येतो. दात घासून झाल्यावर वाटाण्याएवढं घेऊन जिभेवर, गालांच्या आतून आणि टाळूवर पसरायचं. जास्त लावलं तर मळमळतं. कवळी वापरणाऱ्यांना कवळीच्या आतल्या बाजूने पातळ थर लावून बघता येईल, कारण कवळी बसते ती लाळेच्या थरावरच.

हिरडीला चिकटणाऱ्या चकत्या रात्रीसाठी जेलच्या स्पर्धक. वरच्या दाढांच्या बाहेर, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये एक-एक चकती दाबून बसवायची, ती रात्रभर हळूहळू विरघळते. आतला झायलिटॉल थोडी लाळही सोडवतो. माझी डावीकडची नीट बसते, उजवीकडची कधी कधी गालाला चिकटून बसते आणि पहाटे तिथे ओरखडल्यासारखं लागतं. जेलपेक्षा जास्त वेळ टिकतात, यात शंका नाही. चार. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

आता चघळायच्या आंबट गोळ्या, आणि इथे मला जरा रागाने लिहायचं आहे. आंबट चवीने लाळ सर्वांत जोरात सुटते हे खरं आहे, म्हणून कोरड्या तोंडाच्या नावाखाली सायट्रिक किंवा मॅलिक ॲसिड घातलेल्या गोळ्या सर्रास विकतात. पण दातावरचं एनॅमल तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं. भरपूर लाळ असलेला माणूस ते आम्ल थोड्या वेळात धुऊन टाकतो. ज्याच्याकडे धुवायला लाळच नाही त्यालाच दिवसभर आम्ल चघळायला द्यायचं, हा कुठला न्याय? कोरड्या तोंडाचे दात आधीच वेगळ्या जागी किडतात: हिरडीलगत, मुळाशी, पुढच्या दातांच्या टोकांवर, जिथे निरोगी तोंडात सहसा कीड लागत नाही. काही गोळ्यांत आम्लाबरोबर कॅल्शियम घालून त्याचा दाह कमी केलेला असतो, त्या त्यातल्या त्यात बऱ्या. ज्यांना एकही नैसर्गिक दात नाही ते बिनधास्त चघळू शकतात. दात असलेल्यांनी साखरेविना आणि आम्लाविना मिळणाऱ्या गोळ्या शोधाव्यात. आंबट गोळ्यांना माईकसमोर चार मिळाले असते. मी एकही देत नाही.

माउथवॉशमध्ये अल्कोहोल नको, एवढं बघा. बाकी चूळ भरल्यावर बरं वाटतं आणि ते वाटणं लवकर जातं. दोन.

पाणी. सगळे हेच सुचवतात आणि मीही बाटली जवळ ठेवते, पण घटाघटा प्यायल्याने तोंड ओलं राहत नाही. टाळू-जिभेवर जो म्युसिनचा निसरडा थर असतो तो पाण्याबरोबर वाहून जातो आणि दहा मिनिटांनी आधीपेक्षा कोरडं वाटतं. छोटा घोट, तोंडात फिरवून, थोडा वेळ धरून मग गिळायचा. रात्री बाटलीच्या बाटली प्याल तर कोरडेपणाने नव्हे, लघवीने झोप मोडेल.

लाळ वाढवणाऱ्या खऱ्या औषधांपर्यंत मला जावं लागलं नाही, त्यामुळे त्यांना गुण देत नाही. पिलोकार्पिन हे त्यातलं जुनं. दक्षिण अमेरिकेतल्या जाबोरांडी झुडपाच्या पानांतून १८७५ साली वेगळं केलेलं आणि किरणोपचारांनंतरच्या कोरडीसाठी अमेरिकेत १९९४ साली मान्यता मिळालेलं. ते ग्रंथींना थेट हुकूम देतं, पण तोच हुकूम घामाच्या ग्रंथींनाही पोचतो, त्यामुळे घाम फुटणं हा त्याचा ठरलेला दुष्परिणाम. दमा आटोक्यात नसेल किंवा काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार असेल तर चालत नाही. ग्रंथीत थोडा तरी जीव शिल्लक असेल तरच उपयोग.

आणि काहींनी यातलं काहीच विकत घेण्याआधी डॉक्टर गाठायला हवा. तोंडाबरोबर डोळेही कोरडे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय. किंवा कानापुढे वारंवार सूज येते. कोरडा घास पाण्याशिवाय उतरतच नाही. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात ज्या आजाराचं वर्णन केलं तो यातून ओळखता येऊ शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. २०१६ च्या निकषांतही विश्रांतीची लाळ मिनिटाला ०.१ मिली किंवा कमी असणं धरलं आहे, म्हणजे पेला आणि काटा तिथेही लागतोच. मधुमेहात साखर वाढली असेल तरी तोंड कोरडं पडतं. दंतवैद्याने आरसा गालाच्या आत टेकवला आणि तो सहज न सुटता चिकटला, तर त्याने काही विचारायच्या आधी तुम्हीच विचारा. लाळ खरोखर कमी असेल तर तो ५००० पीपीएम (दहा लाखांत ५००० भाग) फ्लोराइडची टूथपेस्ट लिहून देऊ शकतो. आपल्या नेहमीच्या पेस्टमध्ये याहून बरंच कमी असतं. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट कोरड्या तोंडाला झोंबतं, ते नसलेली पेस्ट मला मानवली.

सध्या माझ्या पिशवीत गम आणि फवारा, उशाशी जेल. चकत्या संपल्या की पुन्हा घेणार आहे. घरात कुत्रा असेल तर मात्र गम आणि चकत्या त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. झायलिटॉल माणसाला चालतं, पण कुत्र्याची रक्तातली साखर त्याने एकदम कोसळते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. माझ्याकडच्या एकाही डबीवर हे ठळक छापलेलं नाही.